‘तापाची एक पावरवाली द्या’

सिल्लोडला आमचं मेडिकल आहे. परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव आहे आणि काउंटरवरही बहुतेक वेळ मीच असते. बाजाराच्या दिवशी अजिंठ्याच्या डोंगराकडची गावं उतरतात, एरवी आसपासची. कोणी ताई म्हणतं, कोणी वहिनी, कोणी बाजी. मागणी मात्र सगळ्यांची सारखीच असते. कधी ‘पावरची गोळी’, कधी ‘ती लाल-काळी कॅप्सूल’, कधी ‘मागच्या खेपेला दिली होती ना, तीन गोळ्यांची, तीच’. हातात डॉक्टरची चिठ्ठी असेलच असं नाही. पुष्कळदा रिकामं झालेलं जुनं पाकीट असतं, त्यावर नाव अर्धं फाटलेलं.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये छापला. त्यावर बोलणारी मंडळी बहुतेक मोठ्या रुग्णालयांतली असतात. आयसीयूत शेवटचं औषध निकामी ठरतं तेव्हा ती तिथे उभी असतात. पहिली गोळी विनाकारण पोटात जाते तेव्हा समोर मी असते. हे बोल त्या टोकाचे आहेत, आणि माझ्यासारख्या दुकानदारांसाठी व गोळी मागणाऱ्यांसाठी आहेत.

१. मागणाऱ्याचं गणित आधी समजून घ्या

कापूस वेचणीचे दिवस होते. लिहाखेडीकडच्या एका मावशी आल्या, घसा धरलेला, अंगात कणकण. मी म्हटलं, हे तीन दिवसांत आपोआप जाईल, आराम करा. त्या हसल्या. “ताई, तीन दिवस घरी बसले तर रोज कोण देईल? आन् उद्या जास्त झालं तर पुन्हा गाडीभाडं घालून येऊ का?”

त्यांचा हिशोब चोख होता. वेचणीचा रोज बुडणार, काळी-पिवळीचं जायचं-यायचं भाडं, डॉक्टरांची फी, तपासणी लिहून दिली तर तिचे वेगळे. त्यापुढे शंभराच्या आसपास मिळणारं पाच गोळ्यांचं पाकीट म्हणजे विमाच. लोक अडाणी आहेत म्हणून अँटिबायोटिक खातात, असं म्हणणारा बहुतेक महिन्याच्या पगारावर असतो. आणि खरं सांगायचं तर पगारवालेही काही कमी नाहीत. ते काउंटरवर येतच नाहीत, व्हॉट्सअॅपवर पाकिटाचा फोटो टाकतात आणि खाली ‘अर्जंट’ लिहितात.

ही अडचण आहे तोवर भाषणाचा उपयोग नाही. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, हे वाक्य मी सांगते आणि सांगत राहीन. पण त्या वाक्याने मावशींचा रोज भरून निघत नाही.

२. ‘नाही’ कधी रिकामं देऊ नका

मला काउंटरने शिकवलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही. नुसतं ‘मिळणार नाही’ म्हटलं की माणूस दुखावतो आणि दोन दुकानं सोडून तिसऱ्यात जातो. तिथे त्याला हवं ते मिळतं. माझं गिऱ्हाईक गेलं आणि जंतूंचं काहीच बिघडलं नाही.

म्हणून नाही म्हणताना मी हातात तीन गोष्टी देते. पहिली, आजच्या त्रासावर उतारा: वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल, मिठाच्या गुळण्या, जुलाब असतील तर ओआरएस, आणि लहान मूल असेल तर १४ दिवसांचं झिंक. दुसरी, पुढे काय होईल ते: “ताप दोन-तीन दिवस राहील, खोकला मात्र दोन आठवड्यांपर्यंतही रेंगाळू शकतो, त्याला घाबरू नका.” खोकला पाचव्या दिवशी थांबला नाही की लोकांना वाटतं औषधच चुकलं. हे आधी सांगितलं की निम्मा घोर कमी होतो. तिसरी गोष्ट लेखी देते. बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत: शुक्रवारी सकाळी ताप असेल तर, धाप लागली तर, पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर, पोर सुस्त पडलं तर, शौचात रक्त दिसलं तर, सरळ सरकारी दवाखाना.

वार लिहिणं महत्त्वाचं. ‘बरं वाटलं नाही तर या’ हे कुणीही म्हणतं आणि ते कुणीही ऐकत नाही. ‘शुक्रवारी’ म्हटलं की माणूस शुक्रवारची वाट बघतो, आणि त्यात बहुतेकांचा ताप उतरतो.

धंद्याचं नुकसान होतं का? होतं. अँटिबायोटिकच्या पाकिटावर मिळतं तेवढं मीठ-साखरेच्या पुडीवर मिळत नाही. कंपन्यांच्या स्कीमही बहुतेक अँटिबायोटिकवरच असतात, इतक्या पाकिटांवर इतकी फुकट. ती फुकटची पाकिटं कुणाच्या तरी पोटात जाईपर्यंत दुकानदाराला चैन पडत नाही. हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे आणि त्यावर कुठलंही जनजागृतीचं पोस्टर बोलत नाही.

३. मोजता येईल ते मोजा

अँटिबायोटिक कमी द्या, कमी द्या, असं ओरडताना एक गोष्ट विसरली जाते. ती वेळेवर न मिळाल्यानेही लेकरं मरतात. न्यूमोनिया झालेल्या बाळाला ‘तीन दिवस बघू’ म्हणणं हा गुन्हा आहे. मग सर्दी कुठली आणि न्यूमोनिया कुठला, हे खेड्यात, एक्स-रेशिवाय कसं ओळखायचं?

याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये तिथल्या शंभराहून अधिक गावांत एक प्रयोग सुरू केला. त्यांतल्या ५८ गावांत आरोग्यसेवक आणि गावातल्या दायांनाही बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजणं जड जायचं त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधं साधन बनवलं. श्वास ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरले तर को-ट्रायमॉक्साझोल द्यायचं. एवढंच. औषध जुनं आणि स्वस्त. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: या गावांत बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे ३९ गावांत त्यांनी नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर गावातल्याच बायकांना जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि तेही यशस्वी झालं.

मला या प्रयोगात सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती ही, की कमी शिकलेल्या बाईच्या हातात अँटिबायोटिक सोपवलं आणि तिने ते उधळलं नाही. कारण तिच्याकडे नियम होता. एक मिनिट, इतके श्वास, मग औषध. शहरातल्या एमबीबीएसकडे पुष्कळदा तो नियम नसतो, आणि वेळ तर नसतोच.

हा प्रयोग वाचल्यापासून माझ्या काउंटरवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ आहे. आई बाळाला घेऊन आली की सदरा वर करायला लावते आणि बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर मी काहीच विकत नाही, रिक्षा बोलावते. आमच्याकडे आया म्हणतात, ‘पोट उडू राहिलं’. ते ऐकलं की मोजायच्या आधीच उठायचं. श्वास नेहमीसारखे भरले आणि बाळ खेळतंय, पितंय, तर आईलाच मोजायला शिकवते. एकदा स्वतः मोजलं की ‘पावरचं औषध द्या’ हा हट्ट निम्म्याहून कमी होतो. भीतीला करायला काहीतरी काम मिळतं.

४. ‘टायफाइड निघाला’ या दोन शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका

पावसाळा लागला की तालुक्यात टायफाइडचा पूर येतो. कागदावर तरी. ताप येऊन एक दिवस झालेला असतो, लॅबमध्ये विडाल केलेली असते, आणि आकड्यांपुढे लाल गोल. विडाल ही १८९६ सालची तपासणी आहे. ती रक्तातले जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती मागच्या आजाराचीही असू शकतात, दुसऱ्याच तापातही वर येऊ शकतात. आणि खऱ्या टायफाइडमध्ये पहिल्या दिवसांत ती दिसतीलच असं नाही. पक्कं उत्तर हवं तर रक्ताचं कल्चर, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. एकदा दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू सापडणं कठीण.

यात नुकसान काय? नुकसान मोठं आहे. टायफाइडवर पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिन चालायचं, ते आपल्याकडे आता फारसं चालत नाही. तोंडाने घेण्याजोग्या औषधांत भरवशाचं राहिलंय ते मुख्यतः अझिथ्रोमायसिन. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात, २०१६ च्या नोव्हेंबरपासून टायफाइडची जी साथ पसरली, तिच्यातले जंतू सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनलाही दाद देत नव्हते. तिथे गोळी म्हणून अझिथ्रोमायसिनच उरलं. आणि आपण तेच सर्दीला खातो. २०१९ मध्ये भारतातल्या खाजगी बाजारात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे अझिथ्रोमायसिन ५००. हे औषध शेवटची गोळी घेतल्यावरही कितीतरी दिवस शरीरात थोडं थोडं रेंगाळतं. तीन गोळ्यांत काम होतं ते त्यामुळेच, आणि जंतूंना सराव मिळतो तोही त्यामुळेच. करोनात तर याचा पाऊस पडला. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० च्या डिसेंबरातच सांगितलं होतं की रुग्णालयात दाखल झालेल्या करोना रुग्णांना त्याचा फायदा होत नाही. तरी २०२१ च्या लाटेत घराघरांत त्याची पाकिटं होती.

टायफाइड गोळीने हटत नाही, पाण्याने हटतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, ते विहिरीत ओतलेलं, त्यातून शेंदलेलं, मग ड्रमात साठवलेलं. जून उजाडेपर्यंत त्याचं काय झालेलं असतं ते वेगळं सांगायला नको. क्लोरिनच्या गोळ्या आणि थेंब मी त्या दिवसांत काउंटरवर पुढे मांडून ठेवते. शिवाय आता लस आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफाइडची नवी संयुग्म लस ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना सरकारी मोहिमेतून दिली, पहिल्या टप्प्यात १ लाखाहून अधिक मुलांना. आपल्याच राज्यात झालेलं हे काम मराठवाड्यातल्या किती पालकांना ठाऊक आहे? खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे ती लस मिळते, पण तालुक्यातलं गरीब घर तिच्यापर्यंत पोचत नाही.

५. बायकांचं दुखणं चिठ्ठीतून येतं, ते उघडून वाचा

नवरा येतो, काउंटरवर घडी घातलेला कागद सरकवतो, दुसरीकडे बघतो. कागदावर एका गोळीचं नाव असतं. मी विचारते, कोणासाठी? “घरच्यांसाठी.” काय होतंय? “तुम्हीच विचारा फोनवर.” फोन लावला की पलीकडून हळू आवाज: उन्हाळी लागली आहे, लघवीला जळजळ, दहा-दहा मिनिटांनी जावं लागतंय. आणि ही गोळी मागच्या वर्षी जावेला लागू पडली होती.

काउंटरवर बाई आहे हे कळल्यापासून बायका स्वतः यायला लागल्या, आणि मला एक गोष्ट कळली जी कुठल्या पुस्तकात नव्हती. आमच्याकडच्या कितीतरी बायका कापसात, मक्यात दिवसभर पाणी पीत नाहीत. आडोसा नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत लघवी अडवून धरायची. जळजळ तिथून सुरू होते. मग गोळी. मग काही महिन्यांनी पुन्हा गोळी, या वेळी जास्त पावरची.

लघवीच्या संसर्गात बहुतेकदा ई. कोलाय हा जंतू असतो आणि तो आपल्याच आतड्यातला असतो. सर्दीसाठी, पोटासाठी, दातासाठी घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक आतड्यातल्या जंतूंतून जातं. जे मरतात ते मरतात, जे तगतात तेच वाढतात, आणि तगण्याची युक्ती एकमेकांना देतात. पुढे तेच मूत्राशयात शिरले की साधी गोळी चालत नाही. मग घाटीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून इंजेक्शनं. ही शिडी कुठवर जाते ते मुंबईत फार आधी दिसलं होतं: हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये आतड्यात राहणाऱ्या कुळातले, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये ही औषधं निकामी करणारं एनडीएम-१ हे विकर सापडलं.

माझा नियम असा. गरोदर बाई, पुरुष, मधुमेही, थंडी वाजून ताप किंवा कुशीत-पाठीत दुखणं, यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टर, आजच. बाकीच्यांनाही डॉक्टरकडेच पाठवते, पण आधी लघवीची बाटली देऊन. कल्चरचा नमुना पहिल्या गोळीआधी द्यायचा, सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, आणि तासाभरात लॅबला पोचत नसेल तर थंड ठेवायचा. आमच्याकडे उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन लिहितात, सत्तर वर्षांचं म्हातारं औषध, अजून बऱ्यापैकी काम देतं. मूत्रपिंडं ठीक हवीत, एवढंच. आणि मी तेवढ्याच ठामपणे सांगते: शेतात पाण्याची बाटली न्या, चार बायका मिळून साडीचा आडोसा करा, पण अडवून धरू नका. हा सल्ला फुकट आहे. बहुधा म्हणूनच तो कुणी पटकन मनावर घेत नाही.

६. लाल रेघ

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय मागू नका आणि देऊ नका. १ मार्च २०१४ पासून चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची एच-१ यादी लागू आहे. तिच्यातलं औषध विकलं की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षं जपायची. वही भरणं कंटाळवाणं आहे. पण तिचा एक फायदा मी घेते: “मावशी, तुमचं नाव-गाव सरकारी वहीत लिहावं लागेल हं,” म्हटलं की अर्धे जण पॅरासिटॅमॉलवर राजी होतात.

७. ‘कोर्स पूर्ण करा’ एवढंच सांगू नका

आम्हाला शिकवलं ते एकच वाक्य: कोर्स पूर्ण करा. ते अजून भिंतीवर असतं. त्याच्या उलट बाजूबद्दल आता डॉक्टरही बोलू लागलेत, की गरजेपेक्षा लांब कोर्सनेही अंगातल्या इतर जंतूंना सराव मिळतो, आणि बऱ्याच साध्या संसर्गांत थोडे दिवस पुरतात. किती दिवस, हे आजारावर ठरतं आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं. माझं काम इतकंच, की चिठ्ठीवर ‘पाच दिवस’ असेल तर पाच दिवसांच्याच गोळ्या मोजून द्यायच्या. पाकीट दहाचं आहे म्हणून दहा नाहीत. आणि ‘आज दोन द्या, उद्या पैसे आले की नेतो’ म्हणणाऱ्याला दोन देऊन वाटेला लावायचं नाही. उधारीच्या वहीत लिहायचं आणि पूर्ण द्यायच्या. ती उधारी बुडते कधीकधी. बुडू दे.

क्षयाची गोष्ट मात्र निराळी. तिथे एक दिवसही चुकवायचा नाही आणि एक गोळीही आपल्या मनाने बदलायची नाही. डॉ. मुकुंद उपलेकर यांनी धारावीतल्या १०० खाजगी डॉक्टरांकडे पाहिलं तर क्षयावर ८० वेगवेगळ्या पद्धतींनी औषधं लिहिली जात होती. तो अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. वीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीस, मुंबईच्याच डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले. या दोन बातम्या मी एकमेकींशेजारी ठेवून वाचते. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १ हजार रुपये खात्यात येतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला सिरप विकू नका, थुंकी तपासायला पाठवा. यावर माझ्या दुकानात घासाघीस चालत नाही.

८. गोठा आणि मिरचीचा वाफा दवाखान्याबाहेर नाहीत

आमच्या तालुक्याची ओळख मिरची. आमठाणा, शिवना पट्ट्यातला माल लांबलांबच्या बाजारांत जातो. या मिरचीवर आणि कापसाच्या करप्यावर शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतात, ६ ग्रॅमची पुडी. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावरचं पहिलं खरं औषध, १९४३ मध्ये सापडलेलं. आणि ही पुडी तयार करतो पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, तोच सरकारी कारखाना जो १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला, देशाला स्वस्तात पेनिसिलिन मिळावं म्हणून. एकाच फाटकातून माणसाचं औषध बाहेर पडलं आणि मिरचीचंही.

केंद्राच्या कृषी खात्याने २०२१ च्या डिसेंबरात पिकांवरच्या या वापराला बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला होता. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कृषी सेवा केंद्रात तो रोगट पान दाखवतो आणि जे हातात पडतं ते फवारतो. बुरशीचा करपा असो, विषाणूमुळे पान गुंडाळलेलं असो, पुडी तीच. माझ्या काउंटरवर जे चालतं तेच तिथे चालतं, फक्त पंप मोठा. निदान पान कशाने गेलंय ते कृषी सहायकाला विचारून मग पुडी फोडा, आणि फवारताना तोंडाला फडकं बांधा, इतकं मी ओळखीच्यांना सांगते.

गोठ्याचंही तेच. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नसतं. घालतात, कारण दिवसाचं दूध ओतून देणं परवडत नाही. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन मात्र २०१९ च्या जुलैत आरोग्य मंत्रालयाने बंद केलं, आणि बरं केलं. माणसासाठी ते शेवटच्या फळीतलं औषध आहे.

९. फडताळ मांडण्याची एक पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट पाडले: आधी वापरायची, जपून वापरायची, आणि राखून ठेवायची. मी फडताळं तशीच लावली. हाताशी अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही तिथे अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, सिप्रो. लिनेझोलिडसारखी राखीव औषधं कुलपात. स्टुलावर चढायचं म्हणजे विचार करायला पाच सेकंद मिळतात, आणि दुकानातल्या पोरालाही कळतं की हे औषध वेगळं आहे.

वरच्या फडताळातलं औषध भारी आणि खालचं हलकं, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. तसं नाही. पावसाळ्यात गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस, ज्याने २०१८ मध्ये नागपूर भागात घबराट उडवली होती, त्यावर खालच्या फडताळातलं स्वस्त डॉक्सिसायक्लिनच लागू पडतं. महागडी सेफिक्सिम तिथे काहीच करत नाही. अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग आणि ताप, असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांना तो डाग आवर्जून दाखवायला सांगा.

१०. डॉक्टरांना फोन करा, पण गिऱ्हाइकासमोर नाही

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी २०२४ च्या जानेवारीत डॉक्टरांना पत्र लिहून विनंती केली, की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. त्याच सुमारास देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं, आणि दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त संसर्ग झाला म्हणून दिलेलं नव्हतं, होऊ नये म्हणून दिलेलं होतं. तेव्हा सगळा दोष खेड्यातल्या मेडिकलवर ढकलू नका, एवढं या जागी म्हणून घेते.

चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असलं की मला माझं काम नीट करता येतं. नसलं आणि शंका आली तर मी आत जाऊन फोन करते. गिऱ्हाइकासमोर केला तर डॉक्टरचा मान जातो आणि पुढच्या वेळी ते फोन उचलत नाहीत. एका डॉक्टरांना मी विचारलं, साध्या तापाला सेफिक्सिम का? ते चिडले नाहीत. म्हणाले, “ताई, हा माणूस बुधवारी परत येणार नाही हे मला माहीत आहे. त्याला बिघडलं तर मी जबाबदार. म्हणून लिहिलं.” म्हणजे मावशींचा रोज आणि डॉक्टरांची भीती, दोन्हींचं मूळ एकच. परतायचा खर्च.

त्यावर आम्ही दोघांनी एक तोडगा काढला. इंग्लंडातले फॅमिली डॉक्टर असं बरीच वर्षं करतात, असं मी वाचलं होतं. डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात, पण शेजारी तारीख घालतात: ‘ताप राहिला तरच, गुरुवारपासून’. ज्यांना वाट बघणं धोक्याचं नाही अशांनाच ही चिठ्ठी मिळते. पुन्हा फी नाही, पुन्हा रांग नाही. गुरुवारी ताप असेल तर गावाकडून येणाऱ्या कुणाच्याही हाती चिठ्ठी पाठवा, मी फोनवर दोन प्रश्न विचारते आणि औषध देते. हातात चिठ्ठी असली की माणूस निर्धास्त असतो, आणि निर्धास्त माणूस थांबू शकतो. अशा बऱ्याच चिठ्ठ्या परत येतच नाहीत.

गेल्या बाजारी अंधारीकडचे एक आजोबा मात्र तारीख उलटून गेल्यावर चिठ्ठी घेऊन आले. ताप केव्हाच उतरला होता, तब्येत ठणठणीत, हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, मग औषध कशाला हवंय?

“औषध नको ना ताई,” ते म्हणाले. “फक्त ही तारीख जरा पुढची टाकून भेटंल का? पावसाळ्यात कामी येईल.”